एकाच हातात बांगड्या

दत्ता, साडेदहा वाजून गेले आणि तुझा फोन आलेला नाही. येणार नाही हे मला ठाऊक आहे. तुला खांदा देऊन आलो त्याला अजून महिनाही व्हायचाय. तरी सकाळपासून तीनदा फोन खिशातून काढून पाहिला. एकदा तर तो बिघडलाय की काय म्हणून नसीमला तिच्या फोनवरून लावायला सांगितला. वाजला, चांगला खणखणीत. नसीम म्हणाली, "आता बसा की एका जागी." बसलो. बसलो म्हणून हे लिहितोय, नाहीतर मी लोखंडवाला माणूस, मी कसला लिहितोय!

आज नागपंचमी. दरवर्षी या दिवशी दहाच्या आत शिराळ्याहून तुझा फोन यायचा आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता तू विचारायचास, "रज्जाक, आज काय कापलं न्हाईस न्हवं?" मी म्हणायचो, "न्हाई बाबा, भाजीबी चिरली न्हाई." मग तू हसायचास, सांगलीत पाऊस कसा आहे विचारायचास आणि ठेवून द्यायचास. तीस-एक वर्षं हे असंच चाललं. त्यापायी आमच्या मुसलमानाच्या घरात नागपंचमीला विळी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, हे तुला कधी सांगितलं होतं का मी? नसीम आज अख्खा मसूर करते आणि कांदा बुक्कीनं फोडते. चिरायचं नाही पण फोडलेलं चालतं, हा नियम तिचा तिनंच काढलाय. मघाशी स्वयंपाकघरातून त्या बुक्कीचा आवाज आला आणि माझा हात पुन्हा फोनकडं गेला.

तुझ्या विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी लेख मागितलाय. सोबत एक कागद दिलाय. जन्म कुठला, शिक्षण कुठं, शिल्पं किती, सन्मान कोणते. ते त्यांचं त्यांनी लिहावं. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचंय. भांडण अर्ध्यात टाकून उठून जायची तुझी जुनीच खोड, पण या वेळी हद्द केलीस. आणि मला घाई आहे. तिकडं भिंतीला लावलेल्या परांचीवर माणसं खोळंबलीत, विद्यापीठाच्या इंजिनीयर जाधव मॅडमना आज उत्तर हवंय, आणि ते उत्तर खरं तर तू द्यायचं होतंस.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तू घडवलेली ती बाई पाहिलेली आहे. महामार्गावरून साताऱ्याकडं जाताना डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाची इमारत लागते, तिच्या दर्शनी भिंतीवर, मुख्य दाराच्या वर, तीन पुरुष उंचीची सिमेंटची बाई आहे. एक हात भिंतीला टेकलेला. दुसरा भिंतीतून बाहेर आलेला, तळवा वर, तळव्यात लोखंडी दिवा. दिव्याच्या हातात बांगड्या, दुसरा हात मोकळा. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती.

पण तुझ्या चित्रात दिवा नव्हता. तो कागद घेऊन तू माझ्या दुकानात पहिल्यांदा आलास तेव्हा मी कुणाच्या तरी बंगल्याचं गेट रंगवत होतो. तू कागद पसरलास. भिंतीतून वाकलेली बाई, आणि तिचा एक हात खाली आलेला, तळवा आडवा, बोटं अर्धी उघडी.

"ही कोण?" मी विचारलं.

"आई. रानात भांगलणीला बाया नेत्यात त्या ट्रॉलीवर चढल्याली."

"आणि हात खाली का?"

"खालच्या बाईला वर घ्यायला. पयली चढती ती दुसरीला हात देती, दुसरी तिसरीला. मी ल्हान हुतो तवा मला बी तशीच घ्यायची. पर बोटं धरायची न्हाईत, गड्या. मनगट धरायचं. बोटं निसटत्यात." आणि तू माझं मनगट धरून दाखवलंस. माती मळून मळून तुझी पकड अशी झाली होती की माझ्या हातातला ब्रश खाली पडला. "तुझं बी धर माझ्या मनगटाला. हां. आता कोन पडतंय का बघ."

मग म्हणालास, "इद्यापीठाच्या दारावर आनि काय पायजे रं? वर गेल्याल्यानं खालच्याला हात द्यायचा. झालं की."

मला ते पटलं होतं, दत्ता. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण गिऱ्हाइकाला लगेच पटलं म्हणून सांगायचं नसतं.

सांगाडा मी केला. वरचं सिमेंट, चेहरा, लुगड्याच्या चुण्या हे सगळं तुझं, आणि आतल्या सळया, जाळी, तार हे माझं. तू सांगायचास, माझ्या बाईची हाडं रज्जाकची आहेत. लोक हसायचे. तुला तार बांधायला येत नव्हती आणि तरी तू बांधायचास. डावखुरा तू, सगळं जग पीळ उजवीकडं देतं तर तू डावीकडं द्यायचास, आणि टोक मुडपून आत खोचायचास. ती गाठ सोडताना माझ्या पक्कडीनं दरवेळी हात खाल्ला. मी वैतागून म्हणायचो, "ही काय म्हशीच्या दाव्याची गाठ हाय का?" तू म्हणायचास, "म्हस सुटती का बघ मग." तुझी गाठ सुटायची नाही हे खरंच होतं.

मग ती समिती आली. उद्घाटनाला मंत्री यायचे होते आणि समितीतली माणसं खाली उभी राहून वर बघत होती. एकानं विचारलं, "हात रिकामा का?" दुसरा म्हणाला, "मागितल्यासारखा वाटतो." तिसऱ्यानं तोडगा काढला, ज्ञानाचा दिवा द्या हातात. तू म्हणालास, "दिवा समद्या शाळांच्या बिल्ल्यावर हाय की. इथं कशाला?" त्यांनी तुला नीट समजावलं. तू त्यांना नीट समजावलं नाहीस, तुझा स्वभावच तसला. शेवटी ते म्हणाले, दिवा नसेल तर उद्घाटनापुरतं कापड टाकून झाकू, पुढचं पुढं बघू. तू म्हणालास, "झाका." आणि नागपंचमी आली म्हणून पिशवी उचलून शिराळ्याला निघून गेलास.

जाताना एवढंच बजावलंस, "पंचमीला हत्यार चालवू नगंस. आमच्याकडं त्या दिवशी कापत न्हाईत, चिरत न्हाईत, खणत न्हाईत. तू बी आमच्या कामावर हायस." मी मान हलवली.

आणि पंचमीच्या सकाळी मी वर चढलो.

आता हे मी सगळ्यांसमोर लिहितोय. कामावरची सगळी माणसं सणाला गेलेली, खाली दोर धरायला एकटा वॉचमन. पावसाची भुरभुर. मी तुझ्या आईचं मनगट चारी बाजूंनी फोडलं, आतल्या चारही सळया कापल्या, पंजा उचलून पाव फेरा वळवून तळवा वर केला आणि पुन्हा डागला. लाइटीचा दाब इतका कमी होता की वेल्डिंगचा टाका नीट धरेना. मी पुन्हा पुन्हा मारला. वरून सिमेंट थापलं आणि दुकानातून करून आणलेला दिवा तळव्यात बसवला. चार वाजता खाली उतरलो तेव्हा समितीतला एक जण म्हणाला, "वा, आता कसं विद्यापीठ वाटतंय!"

मी सगळ्यांना सांगत आलो की मी शिल्प वाचवलं. कापडाखाली गेलेली वस्तू पुन्हा बाहेर येत नाही, कुणीतरी एक दिवस तिच्यावर गिलावा मारून मोकळं होतं. मी नसतो तर आज ती बाई नसती. हे मी तुलाही सांगितलं, तू आल्यावर, खालीच उभं राहून. तू ऐकलंस. वर बघत राहिलास. मला वाटलं आता माझी गचांडी धरतोस. धरली असतीस तर बरं झालं असतं.

तू एवढंच म्हणालास, "तिचा हात मोडलास, रज्जाक. आनि तेबी पंचमीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू सिमेंटची बादली घेऊन एकटाच वर गेलास. मी खाली परांचीच्या खांबाला धरून उभा. वाटलं, दिवा आता खाली येतो. आला नाही. दुपार होत आली तेव्हा तू उतरलास, हात धुतलेस, आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, "तार संपली तुजी. आणून ठेव." बस्स. मी वर पाहिलं तर तिच्या दिव्याच्या हातात बांगड्या होत्या. कोपराकडं सरकत गेलेल्या, जाडजूड, एकावर एक. मला वाटलं, समितीला टोमणा मारलास. नटवायचीच आहे ना, घ्या नटवा. बांगड्यांना तार कशाला लागते, हा साधा प्रश्न मला पडला नाही. इतकी वर्षं पडला नाही.

पुढचं वर्षभर तू बोलला नाहीस. नंतरच्या नागपंचमीला शेजारच्या दुकानातल्या फोनवर माझ्यासाठी बोलावणं आलं. शिराळ्याच्या एसटीडी बूथवरून तू. "रज्जाक, आज काय कापलं न्हाईस न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई." खरं तर मी तेव्हा एका खिडकीची जाळी कापत होतो. दुकानात परत आलो, करवत खाली ठेवली, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत या दिवशी काही कापलं नाही. त्यानंतर आपण पुन्हा कामं केली. म्हसवडची कमान केली, शिरवळच्या कारखान्याचं कारंजं केलं. पण त्या बाईचं नाव कधी निघालं नाही. तू साताऱ्याला निघालास की एसटीत मुद्दाम पलीकडच्या खिडकीला बसायचास, इमारत दिसू नये म्हणून. कंडक्टरनं सांगितलं होतं मला, तुझ्याच गावचा तो. मी ते मनाला लावून घेतलं.

बांगड्यांचं मात्र लोकांनी काय काय केलं! तुला आठवतं का, एका प्राध्यापकानं लिहिलं होतं की बांगड्यांचा हात म्हणजे परंपरा आणि मोकळा हात म्हणजे आधुनिकता. दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं की नाही, बांगड्यांचा हात श्रमाचा आणि मोकळा हात बुद्धीचा. पोरी तिथं उभ्या राहून फोटो काढायच्या, एका हातातल्या बांगड्या काढून. एकदा सत्कारात तुला थेट विचारलं, सर, नेमकं प्रतीक काय? तू म्हणालास, "कासाराकडं तेवढ्याच हुत्या." सभागृह हसलं. मीही हसलो, पुढच्या रांगेत बसून. तू माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्याचा अर्थ मला आता लागतोय आणि म्हणून मी सकाळपासून चारदा उठून अंगणात जाऊन आलोय.

मिरजेच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा मी ठरवून आलो होतो. आज बोलायचं. नळ्या लावलेल्या, तुझा तो डावा हात चादरीवर पडलेला, इतका हलका झालेला की बघवेना. मी पावसाचं बोललो. ऊस आडवा पडलाय म्हणालो. तू डोळे मिटून ऐकत होतास. मग एकदम विचारलंस, "दिवा हाय का रं अजून?"

"हाय."

"पडला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"हां," म्हणालास आणि पुन्हा डोळे मिटलेस. मला वाटलं, मरतानासुद्धा ह्याच्या मनातून जात नाही. मला राग आला होता तुझा, दत्ता. बाहेर येऊन चहा घेतला तोही रागातच घेतला.

तू गेलास आणि पंधरा दिवसांत जाधव मॅडमचा फोन. इमारतीची डागडुजी चाललीय, स्वातंत्र्यदिनाला कार्यक्रम आहे, दिव्याची एक पाकळी गळून पडली, मनगटाला चीर गेलीय, मूळ काम तुमचं आहे असं कळलं, येऊन बघाल का काका. आणि दोन पर्याय. आहे तसं बुजवून रंगवायचं किंवा हात काढून पुन्हा करायचा. त्यांनी सरळ विचारलं, "मूळ कल्पना काय होती?"

चार दिवसांपूर्वी मी वर गेलो. सत्तरीच्या माणसाला परांचीवर चढताना बघून खालची पोरं घाबरली होती. तीस वर्षांत मी एकदाही वर गेलेलो नव्हतो. हातोडीनं हलकेच एक बांगडी ठोकली, पोकळ आवाज आला, आणि टवका निघाला.

आत तार होती.

माझी तार, सांगलीहून आणलेली, पण पीळ डावीकडं दिलेला. टोक मुडपून आत खोचलेलं. मी पुढचा टवका काढला, त्याच्या पुढचा काढला. मनगटाभोवती सळईचे सहा तुकडे उभे लावलेले, हाडवैद्य मोडलेल्या हाताला काठ्या लावतो तसे, आणि त्यांच्यावरून तारेचे वेढे, एकाला लागून एक. त्या वेढ्यांना फुगवटा आला होता, तो झाकायला बांगड्या. बोट घालून मी माझा टाका चाचपला. चार सळयांपैकी तीन कधीच सुटलेल्या होत्या. गंजसुद्धा जुना. मला लोखंड कळतं, दत्ता, दुसरं काही कळत नसलं तरी. त्या टाक्यावर तो हात दोन पावसाळे टिकला नसता. खाली मुख्य दार आहे. तिथून पोरं आत जातात.

तर तीस वर्षं तिचा हात तुझ्या गाठींवर उभा होता. तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि तू मला सांगितलं नाहीस, समितीला सांगितलं नाहीस, कुणालाच नाही. लोक परंपरा आणि आधुनिकता म्हणत राहिले आणि तू कासारावर घालवलंस. "आज काय कापलं न्हाईस न्हवं" असं विचारणारा माणूस मला छळतोय असं मी समजत होतो.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. शिल्प वाचवायला मी वर चढलो हे अर्धंच खरं आहे. समितीनं दिवा म्हटलं तेव्हा मला आनंद झाला होता. माझं सगळं आयुष्य सिमेंटच्या आत गेलं. तुझ्या प्रत्येक बाईत, प्रत्येक घोड्यात माझी हाडं होती आणि पाटीवर नाव तुझं. दिवा तेवढा बाहेर दिसणार होता. आठ पाकळ्यांचा, माझ्या हातानं ठोकून काढलेला. महामार्गावरून जाताना मी माझ्या पोरांना दाखवायचो, तो बघा, तो दिवा तुमच्या बापाचा. त्यासाठी मी तुझ्या आईचं मनगट कापलं. आणि तू काय केलंस, तर तुझं काम आत गाडलंस आणि माझा दिवा बाहेर राहू दिलास. हे मी तुला दवाखान्यात सांगायचं सोडून उसाचं बोलत बसलो. माफ कर, असं लिहायलाही हात वळत नाही. तरी लिहितो. माफ कर.

हे लिहून उठलो. बारा वाजून गेले होते. मग म्हटलं, तू लावत नाहीस तर मी लावतो. तुझाच नंबर लावला.  सुशीलावहिनींनी उचलला. मागं बायकांचा आवाज, मातीचे नाग करायला दरवर्षी येतात त्याच.

"भावजी, मला वाटलंच तुमी लावणार. कापलं न्हाई न्हवं काय?"

 मग सगळं सांगून टाकलं. तार, सळयांचे तुकडे, बांगड्या, सगळं.

"आवं भावजी, मला ठावं हाय ते," वहिनी म्हणाल्या. "तवाच घरी येऊन सांगितलं हुतं ह्यांनी. रज्जाकचा टाका कच्चा हाय, म्हनले, मी तार गुंडाळून आलोय. त्येला सांगू नगंस, म्हनले, त्यो झोपायचा न्हाई."

"मग त्येच्या माघारी तुमी तरी सांगायचं न्हवं? इतकी वर्सं..."

"आता चार दिस झोपलाय का तुमी?"

 मग विचारलं, "एसटीत पलीकडं बसायचा त्यो. माझ्या रागानं न्हवं?"

"राग हुता की. न्हवता कसा? लय हुता. पर ती बिल्डिंग आली की माझं मनगट धरून बसायचं बघा. जाईस्तवर सोडायचं न्हाईत. कुणी बघंल म्हणून मला लाज वाटायची."

मी म्हटलं, "वहिनी, हात पयल्यासारखा करायचा तर बांगड्या फोडाव्या लागतील." आणि म्हणून झाल्यावर मला कळलं की मी कुणाला, कधी, काय विचारतोय. जीभ चावली. 

"धाव्या दिसाला जावा आल्या हुत्या माझ्या बांगड्या फोडायला," त्या म्हणाल्या. "मी हात मागं घेतला. म्हटलं, ह्या माझ्या आईनं भरल्यात, ह्यांच्या न्हवंत. हायत अजून हातात. तिच्या मातूर ह्यांनी भरल्यात. तरी काढा तुमी. तिचा हात खाली येऊ द्या, भावजी. किती वर्सं झाली, खाली कोन उभं हाय तिला घावंना. आनि नवा हात झाला की मला बोलवा. बांगड्या मी भरीन. वलं सिमिट आनि माती, काय येगळं असतंय?"

"तुमाला परांची चढवंल?"

"तुमाला चढवती तर मला न्हाई व्हय?" आणि मग हळूच, "पर आज न्हाई हां."

"आज न्हाई, वहिनी."

फोन ठेवतोय तोच जाधव मॅडमचा आला. काका, सगळे वर थांबलेत, ग्राइंडर लावून ठेवलाय, दिवस वाया जातोय, सुरू करू का? मी म्हटलं, आज नाही. का, काका? म्हटलं, आज नागपंचमी.  मग त्या चाचरत म्हणाल्या, "पण काका, तुमच्यात..." मी म्हटलं, "व्हय, आमच्यात बी." त्या हसल्या. मग म्हणाल्या, कामाच्या कागदावर मूळ कल्पना काय ते लिहून द्याल ना? लिहून देतो म्हटलं. एका ओळीचंच काम आहे ते. वर गेलेल्यानं खालच्याला हात द्यायचा.

नसीमनं जेवायला हाक मारलीय. मसूर झालाय. माझं लिहायचं झालेलं नाही, आणि तुझ्याशी भांडायचंही संपलेलं नाही. मला न सांगता माझा टाका सावरलास, त्यावर मी तुला कधीतरी चांगला झापणार आहे. एवढा मोठेपणा कुणी सांगितला होता तुला?

उद्या सकाळी सातला मी वर असेन. आधी माझा दिवा काढीन. मग तुझी तार कापीन, डावीकडून, आता मला जमेल ते. मग माझा टाका. हात खाली वळवून पक्का झाला की कुणी बघायच्या आत मी तिचं मनगट धरणार आहे, बोटं नाही, आणि सगळा भार देऊन बघणार आहे.

आज काही कापलेलं नाही, दत्ता. भाजीसुद्धा चिरलेली नाही.